हिमनगाचा निळा रंग आकाशाकडून उसना नाही

अंटार्क्टिकाच्या क्रूझवरून परतलेल्या कोणाचेही फोटो बघा. पेंग्विन, पेंग्विन, झोपलेला सील, पुन्हा पेंग्विन, आणि मग मध्येच एक हिमनग. वरच्या कडा पांढऱ्याशुभ्र, पण भेगेत नजर जसजशी आत जाते तसतसा गडद होत गेलेला निळा. बघणारा हमखास विचारतो, "फिल्टर लावलाय ना?" आणि जाऊन आलेला तितक्याच हमखास सांगतो, "छे, तिकडची हवा इतकी स्वच्छ असते की आकाशाचं प्रतिबिंबच पडतं बर्फात." हे उत्तर ऐकायला छान आहे आणि साफ चूक आहे.

ते चूक आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. बहुतेक क्रूझ जातात अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे झेपावलेल्या भागाकडे. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून निघायचं, ड्रेक सामुद्रधुनीत दोन दिवस पोट सांभाळायचं, की समोर बर्फ. मोसम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिकडचा उन्हाळा. पण उन्हाळा नावालाच. बरेच दिवस आकाश राखाडी ढगांनी भरलेलं असतं. प्रतिबिंबच पडायचं असेल तर ते राखाडी पडायला हवं. प्रत्यक्षात निळा बर्फ ढगाळ दिवशी जास्त खुलतो. लख्ख उन्हात पृष्ठभागावरून परतणारा पांढरा झगझगाट आतून येणाऱ्या निळ्याला झाकून टाकतो. ढग आले की झगझगाट उतरतो आणि निळा वर येतो.

समुद्राच्या बाबतीत हाच वाद शंभर वर्षांपूर्वी झाला होता, आणि तोही एका जहाजाच्या डेकवर. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गज भौतिकशास्त्रज्ञाने म्हणून ठेवलं होतं की खोल समुद्राच्या निळाईचा पाण्याच्या रंगाशी काही संबंध नाही, ते आकाशाचंच प्रतिबिंब. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने परतत होते आणि त्यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच प्रतलात होत असतात. प्रिझम योग्य तऱ्हेने फिरवला की हा प्रकाश अडवता येतो. रामन यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं अडवलं आणि समुद्राकडे पाहिलं. रॅले बरोबर असते तर निळा रंग नाहीसा व्हायला हवा होता. तो उलट अधिकच खुलला. हे टिपण त्यांनी 'नेचर'कडे धाडलं, त्यावर पत्ता मुंबई बंदरात उभ्या असलेल्या बोटीचा. आज कॅमेऱ्यावर बसवायचा पोलरायझर हेच काम करतो, तेव्हा हिमनगासमोर हा प्रयोग कोणालाही करता येईल.

मात्र रामन यांनी समुद्राच्या निळ्याचं मुख्य श्रेय रेणूंकडून होणाऱ्या विकिरणाला, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्याला दिलं होतं. आज आपण ते काम दोघांत वाटतो. विकिरण प्रकाशाला परत डोळ्यांकडे वळवतं, पण त्या प्रकाशातला लाल आधीच काढून घेतं ते शोषण. बर्फाच्या बाबतीत तर हे शोषणच खरं नायक आहे, आणि मला त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे.

पाण्याचा रेणू शाळेपासून ओळखीचा आहे. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. हे अणू जोडणारे बंध ताठ काड्यांसारखे आकृतीत काढतात, पण ते सतत ताणले आणि आखडले जात असतात. हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू, त्यामुळे हे कंपन फार जलद होतं, सेकंदाला साधारण १०० लाख कोटी वेळा. ज्या प्रकाशाची वारंवारता याच्याशी जुळते तो प्रकाश पाणी गिळतं. अशा प्रकाशाची तरंगलांबी येते सुमारे ३००० नॅनोमीटर. आपले डोळे बघतात साधारण ४०० (जांभळा) ते ७०० (लाल). म्हणजे पाण्याचं हे मुख्य शोषण लालच्या बरंच पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रदेशात होतं, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पेलाभर पाणी पारदर्शक दिसतं ते म्हणून.

मग दृश्य प्रकाशाशी पाण्याचा संबंध येतो कुठे? तंबोऱ्याची तार छेडली की तिच्या मूळ सुरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे मंद सूर उमटतात. त्यांना अधिस्वर म्हणतात. पाण्याच्या बंधालाही असे अधिस्वर आहेत. वारंवारता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी होते, म्हणून ३००० चे पुढचे टप्पे येतात १५००, १००० आणि ७५० नॅनोमीटरच्या आसपास. ७५० म्हणजे लाल रंगाचा उंबरठा. त्यात रेणूचं दुसरं एक कंपन, दोन्ही बंधांमधला कोन उघडझाप करण्याचं, मिसळलं की ६६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि पाचपट वारंवारतेच्या अधिस्वरामुळे ६०५ च्या आसपासही शोषणाचे छोटे छोटे उंचवटे तयार होतात. हे सगळे लाल आणि नारिंगी भागात पडतात. निळ्याच्या वाट्याला मात्र याहूनही वरचे अधिस्वर येतात, आणि ते इतके क्षीण असतात की नसल्यातच जमा.

तंबोऱ्याची उपमा इथेच खाली ठेवायला हवी, कारण पुढची गोष्ट तारेला लागू नाही. तार आदर्श असली तरी तिला अधिस्वर असतातच. रेणूचं तसं नाही. बंध जर हूकच्या नियमाबरहुकूम (जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात मागे ओढणारी) आदर्श स्प्रिंग असता, तर त्याच्या ऊर्जापातळ्या जिन्याच्या समान पायऱ्यांसारख्या असत्या आणि पुंजभौतिकीच्या नियमानुसार प्रकाशाचा एक कण शोषून बंधाला एकच पायरी चढता आली असती. दोन नाही, तीन नाही, चार तर नाहीच. मग पाणी खरोखर रंगहीन असतं. पण बंध आदर्श नाही. दाबला की तो चटकन ताठ होतो, ताणला की सैल पडतो आणि फारच ताणला तर तुटतो. या असमानतेमुळे वरच्या पायऱ्या हळूहळू जवळ जवळ येतात आणि 'एका वेळी एकच पायरी' हा नियमही थोडा ढिला पडतो. दोन पायऱ्यांची उडी शक्य होते, पण क्वचित. तीनची त्याहून खूप दुर्मीळ, चारची आणखी दुर्मीळ. लाल प्रकाशाचं शोषण ही अशी चार किंवा अधिक पायऱ्यांची उडी आहे. ती इतक्या क्वचित घडते की पेलाभर पाण्यात तिचा मागमूस लागत नाही. काही मीटर पाणी किंवा बर्फ मध्ये आला तरच तिचा हिशोब दिसू लागतो.

मला या प्रकरणात सगळ्यात आवडतं ते हे की आपल्या आजूबाजूचे बाकी रंग वेगळ्याच मार्गाने येतात. पानाचा हिरवा, रक्ताचा लाल, कपड्यावरचा रंग, तांब्याची झळाळी, सगळीकडे इलेक्ट्रॉन उड्या मारत असतात. अणूंच्याच हालचालीतून रंग मिळालेलं रोजच्या बघण्यातलं उदाहरण जवळजवळ एकच, पाणी.

याला पडताळाही सुंदर आहे. हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम बसवला की मिळतं जड पाणी. रासायनिक स्वभाव जवळपास तोच, इलेक्ट्रॉनही तितकेच. फक्त वजन वाढल्याने कंपन मंदावतं आणि सगळे अधिस्वर लांब तरंगलांबीकडे सरकतात. ७५० च्या जवळचा उंचवटा जाऊन बसतो १००० नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्यांच्या टप्प्याबाहेर. आणि जड पाणी खरंच रंगहीन असतं. साधं पाणी काही मीटर लांबीच्या नळीत भरून टोकाशी डोळा लावला तर निळसर छटा दिसते.

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, याच्यावर एक अख्खा बाजार उभा आहे. 'संरचित पाणी', 'ऊर्जाभारित पाणी', पाण्याला म्हणे शब्द समजतात आणि ते लक्षात राहतात. द्रव पाण्यातला एकेक हायड्रोजन बंध टिकतो सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास. मग तो तुटतो, दुसऱ्याशी जुळतो. एवढ्याशा वेळात कोणी काय लक्षात ठेवायचं? असं पाणी बनवायची यंत्रं विकणाऱ्यांना एवढं एक विचारून बघावं.

आता बर्फाचे आकडे. शुद्ध बर्फातून एक मीटर जाताना ७०० नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाचा साधारण ४० टक्के भाग शोषला जातो. ६०० च्या नारिंगीचा ११ टक्के. ४०० च्या जवळचा निळा-जांभळा मात्र १०० मीटर गेला तरी दहा टक्केही कमी होत नाही. म्हणजे बर्फातून काही मीटर भटकून आलेल्या पांढऱ्या प्रकाशात लाल उरत नाही आणि निळा जवळपास शाबूत असतो. महत्त्वाचा शब्द 'भटकून'. प्रकाश बाहेर पडण्याआधी बर्फाच्या आत किती अंतर फिरला, यावर सगळं अवलंबून आहे.

ताजा हिम म्हणजे कणांच्या मधली हवा जास्त आणि बर्फ कमी. हवा आणि बर्फ यांच्यामधल्या प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाश वळतो, आणि असे पृष्ठभाग मूठभर हिमातही अगणित. प्रकाश आत शिरला की थोडक्यात माघारी फिरतो, लाल गमावायला त्याला पुरेसं अंतरच मिळत नाही. म्हणून हिम पांढरा. त्याच हिमात काठीने हातभर खोल भोक पाडून आत डोकावलं तर तळाशी निळसर झाक दिसते, कारण तिथून आलेला प्रकाश जास्त फिरून आलेला असतो.

दरवर्षी नव्या हिमाचं ओझं पडत गेलं की खालचे थर दाबले जातात. कण एकमेकांना चिकटतात, मधल्या वाटा अरुंद होतात, आणि अंटार्क्टिकात साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर उरलीसुरली हवा बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. हा झाला हिमनदीचा बर्फ. त्यात वळणं कमी, म्हणून प्रकाशाची भटकंती लांब, म्हणून निळी झाक. ही हवा दाबाखाली असते. हिमनग तुटून समुद्रात आल्यावर तो वितळताना एकेक बुडबुडा उघडा पडतो आणि फुटतो. रबरी झोडियाक बोटीचा चालक इंजिन बंद करून सगळ्यांना गप्प बसायला सांगतो तेव्हा तडतड असा बारीक, न थांबणारा आवाज चहूबाजूंनी येत असतो. हजारो वर्षांपूर्वीची हवा सुटत असते. पाण्याखाली हा आवाज इतका असतो की संशोधक मायक्रोफोन सोडून तो मोजतात.

इथे जाहिरातबाजीतलं एक वाक्य खोडायला हवं: 'हा बर्फ दहा हजार वर्षं जुना, म्हणून इतका निळा.' वयाने रंग येत नाही. भेगेत वितळलेलं पाणी साचून पुन्हा गोठलं तर त्यात बुडबुडे जवळपास नसतात. पांढऱ्या हिमनगात आरपार गेलेले गडद निळे पट्टे अनेकदा असेच बनतात, आणि ते आजूबाजूच्या बर्फापेक्षा वयाने लहान असतात.

बुडबुडे अजिबातच नसतील तर? मग बर्फ अधिक निळा दिसेल असं वाटतं, पण लहान तुकड्याचं तसं होत नाही. पाण्याबाहेर मीटरभरही न डोकावणाऱ्या तुकड्याला खलाशी ग्राउलर म्हणतात. तो स्वच्छ बर्फाचा असेल तर काळा दिसतो. प्रकाश आत शिरतो, पण त्याला मागे वळवणारं कोणीच नसल्याने आरपार निघून खालच्या पाण्यात हरवतो. हे काळे तुकडे जहाजाच्या कप्तानाला मोठ्या हिमनगापेक्षा जास्त छळतात. डोळ्यांना दिसत नाहीत, लाटांमध्ये रडारवरही नीट उमटत नाहीत. म्हणजे शोषण आणि विकिरण दोन्ही हवीत. फार विकिरण झालं तर पांढरा, काहीच नाही झालं तर काळा, आणि या दोन्हींच्या मध्ये निळा.

कधी कधी हिरवा हिमनगही दिसतो. पूर्व अंटार्क्टिकातल्या अमेरी हिमफलकाच्या (जमिनीवरून समुद्रावर तरंगत पसरलेल्या जाड बर्फाच्या) तळाशी समुद्राचं पाणी गोठून चिकटतं. हा बर्फ बुडबुडेविरहित असतो. त्यात खडक झिजून आलेलं लोहाचं ऑक्साइड अडकलं की ते निळ्याचा थोडा भाग खातं. लाल पाण्याने खाल्ला, निळा लोहाने खाल्ला, मध्ये उरला हिरवा. वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्टीफन वॉरन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हा खुलासा मांडला. त्याआधी ते सागरी वनस्पतींच्या कुजलेल्या अंशाकडे बोट दाखवत होते, पण मोजमापं जुळली नाहीत म्हणून त्यांनी आपलंच मत बदललं.

बर्फाची निळ्याबद्दलची ही उदारता क्रूझवाल्यांना कधीच दिसणार नाही अशा ठिकाणी कामी आली आहे. दक्षिण ध्रुवावर बर्फाच्या पोटात 'आइसक्यूब' नावाची दुर्बीण आहे. न्यूट्रिनो हा कण पदार्थाशी क्वचितच धडकतो, पण धडकला की त्यातून निघालेले वेगवान कण बर्फात निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश सांडत जातात. तो टिपायला प्रचंड आकाराचा, निळ्याला वाट देणारा पदार्थ हवा, आणि तो तिथे आयता पडला होता. १९९३-९४ मध्ये 'अमांडा' नावाच्या आधीच्या प्रयोगासाठी ८०० ते १००० मीटर खोल प्रकाशसंवेदक सोडले, तर तिथे बुडबुडे आडवे आले आणि प्रकाश कुठून आला तेच कळेना. मग आणखी खोल गेले. सुमारे १४०० मीटरच्या खाली दाब इतका असतो की हवेचे रेणू बर्फाच्या स्फटिकातल्या पिंजऱ्यांत जाऊन बसतात आणि बुडबुडा संपतो. या पिंजऱ्यांचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचं माप) बर्फाच्या इतका जवळचा असतो की प्रकाशाला ते जवळपास जाणवतच नाहीत. आइसक्यूबचे मूळ ५१६० संवेदक त्याच्या खाली, १४५० ते २४५० मीटरमध्ये आहेत.

प्राण्यांच्या ओढीने गेलेल्यांना हे सगळं अवांतर वाटत असेल, तर त्यांनी जहाज समुद्री बर्फातून वाट काढत असताना रेलिंगशी उभं राहावं. जहाजाच्या धक्क्याने बर्फाच्या लाद्या कलंडतात आणि त्यांची खालची बाजू वर येते. ती पांढरी नसते. मळकट तपकिरी असते. प्रवासी हळहळतात, इथेही प्रदूषण! ते प्रदूषण नव्हे, डायाटम नावाचं एकपेशीय शैवाल आहे. ते बर्फाच्या तळाला चिकटून वाढतं. तिथवर पोचतो तो प्रकाश तुटपुंजा, आणि बर्फाने लाल काढून घेतल्यामुळे मुख्यतः निळा-हिरवा. नेमका हाच प्रकाश पकडणारं फ्युकोझँथिन हे तपकिरी रंगद्रव्य डायाटमकडे असतं. हिवाळ्यात क्रिलची (कोळंबीसारख्या छोट्या जीवाची) पिल्लं हे शैवाल खरवडून खातात, आणि पुढे क्रिलवर ॲडेली आणि चिनस्ट्रॅप पेंग्विन, क्रॅबइटर सील आणि कित्येक टनांचे देवमासे जगतात. कॅमेऱ्यात भरलेल्या त्या शेकडो पेंग्विनांचं पोट पाण्याच्या रेणूने न गिळलेल्या प्रकाशावर भरतं, असं म्हणायला हरकत नाही.

जायचं की नाही, हा प्रश्न मला विचारतात. नियम कडक आहेत हे खरं. ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, एका जागी एका वेळी १०० च्या वर माणसं नसतात, बूट जंतुनाशकात बुडवून घ्यावे लागतात आणि पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहावं लागतं (पेंग्विनला हा नियम माहीत नसतो, तो खुशाल जवळ येतो). पण २०२३-२४ च्या हंगामात १ लाख २० हजारांहून अधिक लोक तिकडे गेले, आणि जहाजं धूर सोडतात. वर सांगितलेली भटकंती इथे उलटी फिरते. हिमात प्रकाश इतक्या वेळा वळतो की वाटेत काजळीचा एखादा कण असेल तर कधी ना कधी त्याच्याशी गाठ पडतेच, आणि काजळी सगळे रंग गिळते. ताजा हिम ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. काजळीचं प्रमाण कोट्यवधी भागांत एखादा भाग एवढं असलं तरी हा आकडा खाली येऊ लागतो आणि हिम लवकर वितळतो. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात याचा हिशोब मांडला होता. जहाजं जिथे जास्त थांबतात त्या भागात एका पर्यटकामागे साधारण ८३ टन हिम अकाली वितळतो. अंटार्क्टिकात जहाजांना जड इंधन तेल वापरायला २०११ पासून बंदी आहे. हलक्या डिझेलची काजळी कमी असते, पण असते.